माझी चिठ्ठी, तुझ्या नावावर

बारा जून, दुपारी

धाकटे,

आधी आशीर्वाद, मग बाकीचं. आशीर्वाद ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा ते तुझं तू बघ. द्यायचं काम माझं, मी मोठी.

फोन केला होता. तुझ्या लेकानं उचलला. 'कोण?' म्हणाला. 'अरे, मी मावशी' म्हटलं, तर असा ठेवला की इकडे माझ्या कानाला वारा लागला. म्हणून पत्र लिहितेय. पत्र आदळता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतंच.

तू दवाखान्यातून घरी आलीस, रक्त जायचं थांबलं, आता नुसता अशक्तपणा आहे, एवढं कळलं. कसं कळलं तर तुझा लेक मंगळवारी इथं आला होता. तुला सांगून आला की न सांगता, ते मला माहीत नाही.

नातीचा दवाखाना त्या वेळी भरलेला होता. तुला माहीत आहे, तिचे आईबाप नोकरीपायी लांब, म्हणून मी तिच्याजवळ राहते आणि दिवसभर दवाखान्यात दारापाशी टेबलामागे बसते. नावं घेते, कुणाला आत सोडायचं ते बघते. लोक मला 'मोठ्या डॉक्टरीणबाई' म्हणतात. मीही कुणाला 'नाही' म्हणत नाही. परवा एक पैलवानासारखा माणूस आला. मिशा अशा की लिंबू ठेवावं. तर खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागला. मी म्हटलं, 'अरे, तिनं अजून तोंडसुद्धा उघडायला सांगितलं नाही.' तर म्हणतो, 'आजी, तुम्ही आत या आणि हात धरा.' धरला बाई. त्याचा दात निघाला आणि माझी बोटं निघायची राहिली. आणि माझी नात अशी गुणाची, त्याला एकदाही हसली नाही. सगळं हसू रात्री जेवताना काढलं.

काय सांगत होते? हां, तुझा लेक. मला वाटलं, दात दाखवायला आलाय. 'ये रे' म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ आत. खुर्चीत एक बाई आ करून पडलेली, आणि हा टेबलावर कागद आपटतो.

'हे तू लिहिलंस?'

'मामा, जरा बाहेर बसा. हातातलं काम संपवून येते.'

'बसायला आलो नाही मी! आई मरता मरता वाचली. तिथले डॉक्टर मला विचारतात, हे कुठल्या शहाण्यानं लिहून दिलं? काळजाची झडप बदललेली बाई, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू, तिला दातासाठी असली औषधं कुणी देतं का? काय सांगू त्यांना? माझीच भाची म्हणून सांगू?'

नातीनं हातमोजे काढले. कागद उचलला, वाचला. मग उलटा केला आणि मागच्या बाजूनं त्यावर बोट फिरवलं. वेळ लागला तिला. मग म्हणाली, 'कागद माझ्या पॅडचा आहे. शिक्का माझा आहे.'

'आणि सही?'

तिनं कागद परत टेबलावर ठेवला.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. 'मावशी, तू तरी सांग. पाकिटात घालून तूच पाठवलास ना हा कागद?'

मी म्हटलं, 'अरे, तुमच्याकडच्या औषधवाल्यानं काहीतरी भलतंच बांधून दिलं असेल.'

तो हसला. तुझा लेक चिडून हसतो तेव्हा अगदी तुझ्यासारखा दिसतो. कागद घडी करून खिशात घातला आणि गेला. आ करून पडलेल्या बाईनं तोंड मिटलं नव्हतं, तशीच बघत होती.

तर तेवढं त्या औषधवाल्याला विचारून बघ. माणसाच्या हातून चूक होते.

जपून राहा. पातळ-सातळ खा.

तुझी ताई


एकवीस जून

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मी तरी कुठं वाट बघतेय, म्हणते आणि पोस्टमन दिसला की खुर्चीतून उठते.

तुझ्या लेकानं कौन्सिलकडे तक्रार केली. तुला ठाऊक असेलच. नसेल तर सांगते. दातांच्या डॉक्टरांची एक कौन्सिल असते, त्यांच्याकडे सगळ्यांची नावं नोंदवलेली असतात. नोंद आहे तोवर दवाखाना. त्यांचं पाकीट आलं, समितीपुढे हजर व्हा म्हणून. मी नातीला विचारलं, 'फार तर काय करतील?' ती म्हणाली, 'फार तर नाव काढून टाकतील.' जेवण वाढता वाढता म्हणाली, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. एवढी शिकली, रात्री जागली, कर्ज काढून ती खुर्ची घेतली, आणि एका कागदापायी सगळं पाण्यात?

तुझ्या लेकावर मी रागावले होते. भाच्यानं भाचीवर तक्रार करावी? आपलेच दात, आपलेच ओठ. मग म्हटलं, त्याच्या आईच्या नाकातोंडातून रक्त गेलं. मी त्याच्या जागी असते तर काठी घेऊन आले असते.

पण धाकटे, तू एवढं ध्यानात घे, माझी नात तशी चिठ्ठी लिहिणारच नाही. मी रोज बघते ना. दुसरे डॉक्टर कसे लिहितात? मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेली, असं. हिचं तसं नाही. माणूस समोर बसवते. वय विचारते, वजन करते, पोट कसं आहे, मूत्रपिंडाचं काही आहे का, कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलं होतं का. बाई असली तर दिवस गेलेत का, तेही. आणि मग विचारते, 'दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?' 'नाही' म्हटलं तरी सोडत नाही. 'बीपीची? झोपेची? काळजाची?' लोक कंटाळतात. एक मास्तर म्हणाले, 'मुली, दात दुखतोय माझा, लग्न नाही जुळवायचं.' तर म्हणाली, 'दात एकटा येत नाही ना सर, त्याला माणूस जोडलेला असतो.'

मग लिहिते. मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत, एका ओळीत एकच औषध. किती, केव्हा, किती दिवस, कधी थांबवायचं. खाली कागद मोकळा उरला की तिरकी रेघ ओढून तो बंद करते, मधे कुणी काही घुसडू नये म्हणून. आणि सगळ्यात शेवटी म्हणते, 'आता तुम्ही मला परत सांगा.' त्या माणसानं परत सांगितल्याशिवाय कागद हातात देत नाही. मास्तरांनासुद्धा सांगावं लागलं, पोरासारखं.

अशा मुलीनं तुला न बघता, न विचारता लिहून दिलं असेल का? नाही दिलं. उलट मी तिला म्हटलं होतं. तुझा फोन आला, दाढ ठणकतेय म्हणून, त्या दिवशी संध्याकाळी मी तिला म्हटलं, 'मावशीआजीला काहीतरी लिहून दे, मी पाठवते.' ती म्हणाली, 'तिला इथं घेऊन ये. नाही जमलं तर तिथल्या डॉक्टरला दाखवू दे. न बघता मी लिहीत नाही आजी, आणि तिचं तर काळजाचं ऑपरेशन झालंय.'

असं ती म्हणाली. काळजाचं सुद्धा म्हणाली.

मग तुझ्याकडे कागद आला कुठून, असं तू विचारशील. पेनातली शाई संपत आलीय. दुसरं पेन सापडत नाही. पुढे लिहीन.

तुझी ताई


पंचवीस जून

धाकटे,

पेन सापडत होतं. समोरच होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालंय. दारातून कुणी कागद घेऊन आलं की मी नजर खाली घालते. आता एकदाच लिहून टाकते, मधे थांबवू नकोस. थांबवणार कशी म्हणा, तू तिकडे.

तो कागद मी लिहिला.

का, ते आधी सांगते, कारण काय केलं त्याच्यापेक्षा का केलं याचीच लाज जास्त वाटते. तुला आठवतं, नात पास झाली तेव्हा मी तुला फोन केला होता, आणि तू म्हणाली होतीस, 'दातांचा डॉक्टर म्हणजे अर्धाच डॉक्टर गं ताई.' तू सहज म्हणालीस. मी विसरले नाही. त्या दिवशी तुझ्या दाढेचा फोन आला, तू रडकुंडीला आलेली, आणि मला काय वाटलं सांगू? वाईट वाटलं, ते वाटलंच. पण आत एक उकळीही फुटली. म्हटलं, आता बघ अर्ध्या डॉक्टरचा गुण. आणि तुला बोलून बसले, 'काळजी करू नकोस, उद्याच्या टपालानं औषध लिहून पाठवते तुझी नात.' उचलली जीभ, लावली टाळ्याला. संध्याकाळी नात नाही म्हणाली. आता तुला काय सांगू? माझं ऐकत नाही म्हणून सांगू? लोकांची मोठी डॉक्टरीणबाई मी!

माझ्या पिशवीत एक कागद असतो. तुला फोनवर सांगितलं होतं त्याचं कौतुक. दवाखाना उघडल्यावर पहिला दात तिनं माझा काढला, ती मागची पोखरलेली दाढ. तेव्हा लिहिलेली पहिली चिठ्ठी माझ्या नावाची. औषधं घेऊन झाल्यावर मी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली. कुणीही भेटलं की काढून दाखवते. काय लिहिलंय ते मला कुठं वाचता येतं? सगळं इंग्रजी. आपण दोघी चौथीत शाळा सोडलेल्या, आपल्याला आपलंच अक्षर कसंबसं. पण दिसायला सुरेख. शिवाय त्या गोळ्यांनी माझं दुखणं असं पळालं होतं की काय सांगू.

मला वाटलं, दाढ ती दाढ. माझी काय, तुझी काय.

पॅड आणि शिक्का ड्रॉवरमध्ये असतात. किल्ली माझ्या कमरेला. दुपारी दवाखाना बंद होता, नात झोपली होती. मी पॅड काढलं, माझी चिठ्ठी शेजारी ठेवली आणि बघून बघून उतरवायला बसले. लहानपणी दारात रांगोळी काढायला शिकलो तशी. खोटं कशाला बोलू, मजा आली. एकेक अक्षर म्हणजे एकेक नक्षी. कुठला वेल डावीकडे जातो, कुठला उजवीकडे. नाव तेवढं माझं सोडून तुझं घातलं, तेही आपल्या अक्षरात. तारीख कॅलेंडर बघून नवी घातली, तेवढी अक्कल होती. सही म्हणजे नुसती वळवळ, ती सगळ्यात सोपी गेली. खालची तिरकी रेघसुद्धा ओढली. शिक्का मारला.

तुझा मग फोन आला, 'ताई, औषधवाला म्हणाला, इतकं स्वच्छ लिहिणारा डॉक्टर मी बघितला नाही.' धाकटे, मी फुगले. दोन दिवस फुगून फिरत होते. माझ्या अक्षराला आयुष्यात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित अजूनही त्या औषधवाल्याच्याच नावानं बोटं मोडली असती. पण काल एक आजोबा आतून चिठ्ठी घेऊन बाहेर आले. मदतीला असते ती बाई त्यांना समजावून देत होती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, 'हे बघा, इथं लिहिलंय, चालू असलेली औषधं: बीपीची गोळी. औषधवाल्याला ही ओळ आधी दाखवायची.' ती ओळ मला ओळखीची वाटली. मी माझी चिठ्ठी काढली, त्या बाईपुढे धरली. म्हटलं, 'माझ्यावर याच जागी काय लिहिलंय गं?' तिनं वाचलं. 'चालू असलेली औषधं: कुठलीही नाहीत.'

मला वाटायचं, ती ओळ सगळ्यांवर सारखीच असते. आपण पत्राच्या वर आशीर्वाद लिहितो ना, तशी काहीतरी रीत.

माझं वय, माझं वजन, आणि 'कुठलीही नाहीत'. मी माझं लिहिलेलं तुझ्या नावावर पाठवलं. तुझ्या छातीवर टाके घातले तेव्हा तुझ्या उशाशी मीच बसले होते. ती रक्ताची गोळी वेळेवर घे म्हणून तुला दटावणारी मीच. आणि सही करून कुणी सांगितलं की तुला काही चालू नाही? मीच.

वर तुझ्या लेकासमोर दातखिळी बसली, आणि तोंड उघडलं ते दुसऱ्यावर ढकलायला. त्या औषधवाल्याला विचार, असं तुला लिहिलं, ते कृपा करून विचारू नकोस. विचारलं असशील तर त्याला माझा नमस्कार सांग. काय करायचाय त्याला माझा नमस्कार.

नातीला अजून सांगितलेलं नाही. तुला लिहिणं सोपं, तू लांब आहेस. ती समोर बसून जेवते.

ताई


एकोणतीस जून

धाकटे,

सांगितलं.

दुपारी शेवटचा पेशंट गेला, ती हात धूत होती. मी आत गेले आणि त्या मोठ्या खुर्चीत बसले. तिला वाटलं माझा दात दुखतोय. दिवा लावायला लागली. मी म्हटलं, 'दिवा नको लावूस. मावशीआजीची चिठ्ठी...'

ती म्हणाली, 'मला माहीत आहे आजी.'

'कधीपासून?'

'मामानं कागद आणला तेव्हापासून. मी तो उलटा केला ना.'

मी लिहिते तेव्हा पेन असं दाबते की अक्षर कागदाच्या पाठीवर उमटतं, हे तूच मला चिडवायचीस. 'ताई लिहीत नाही, नांगरते.' ती वसतिगृहात होती तेव्हा मी तिला पत्रं लिहायची. म्हणाली, 'दिवे गेले की मी तुझी पत्रं मागून बोटानं चाचपायची आजी. तुझा हात मला अंधारात कळतो.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, 'मग बोलली का नाहीस इतके दिवस?'

'तू बोलशील म्हणून थांबले होते.'

मारलं असतं तर बरं झालं असतं.

'आणि समितीपुढे काय सांगणार होतीस?'

'खरं तेवढंच. पॅड आणि शिक्का मी सांभाळायला हवा होता, किल्ली मी दिली, म्हणून चूक माझी.'

'आणि लिहिलं कुणी, असं विचारलं तर?'

तिनं हात पुसले. पुसतच राहिली. कोरडे झाले तरी. मी म्हटलं, 'मी येते. मी सांगते.' मला वाटलं, ती म्हणेल, नको आजी, तुझं वय झालं, मी बघून घेईन. मनातून मला तेच हवं होतं, तुझ्यापासून काय लपवू. ती तसं म्हणाली नाही. ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली, पेशंटपुढे बसते तशी, आणि म्हणाली, 'बरं. मग आता मला परत सांग.'

'काय?'

'तिथं काय सांगणार ते.'

मी म्हटलं, 'बहिणीला औषध पाठवलं.'

'नाही आजी. नीट.'

'तुझी चिठ्ठी बघून लिहिलं.'

'कुणाची चिठ्ठी?'

'माझी.'

'सही कुणी केली?'

'मी.'

'मी नाही म्हटलं होतं का?'

'म्हटलं होतंस. काळजाचंही म्हटलं होतंस.'

'आता सगळं एकदम.'

मी सगळं एकदम सांगितलं. मधे अडखळले, तिनं पहिल्यापासून सांगायला लावलं. ती ओरडली नाही, पण एका शब्दालाही तिनं मला सूट दिली नाही. शेवटी सगळं बरोबर झालं तेव्हा उठली, खुर्चीचं बटण दाबलं आणि मला अलगद खाली आणलं. म्हणाली, 'चूळ भरून पाणी पी.' ते चूळ भरायचं भांडं आहे ना खुर्चीला, त्याच्याकडे बघत मी रडले. तिनं माझ्या हनुवटीखाली तो कागदी रुमाल बांधला, पेशंटला बांधतात तो. त्याही अवस्थेत मला वाटलं, किती हलका हात आहे पोरीचा.

कमरेची किल्ली मी काढून दिली. तिनं घेतली. 'राहू दे' म्हणाली नाही.

ताई


अकरा जुलै

धाकटे,

काल समितीपुढे जाऊन आले.

तुझा लेक तुला सांगेल, पण तो अर्धवट सांगेल. पुरुष कुणी काय साडी नेसलं होतं तेही सांगत नाहीत. लांबलचक टेबल, त्याच्यामागे तीन डॉक्टर. मधल्या बाईंचे दात इतके सुंदर की मला वाटलं, याच परीक्षेत पहिल्या आल्या असतील. नात एका बाजूला, तुझा लेक दुसऱ्या बाजूला, आणि मी मधे, वाया गेलेल्या दुधासारखी.

त्यांनी विचारलं, 'आजी, तुम्हाला काय सांगायचंय?' मी घरी पाठ केलं होतं तसं सांगितलं. सगळं एकदम. तुझा अर्धा डॉक्टरसुद्धा सांगितला, माफ कर, पण तो वगळला असता तर बाकीचं कुणाला पटलं नसतं. त्या बाईंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हणाल्या, 'एक ओळ उतरवून दाखवाल का?' मी माझी चिठ्ठी पिशवीतून काढली आणि पहिली ओळ उतरवली. तिघांनी तुझ्या लेकानं दिलेला कागद शेजारी ठेवून बघितला. एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्या तोंडून निघून गेलं, 'अक्षर छान आहे हो.' खोलीत कुणी हसलं नाही. मी मान वर केली नाही. त्याच शब्दांवर मी दोन दिवस फुगून फिरले होते, तेच शब्द कानाखाली बसल्यासारखे लागले.

मग त्या बाई नातीला बोलल्या. लागेल असं बोलल्या. पॅड आणि शिक्का म्हणजे डॉक्टरचा हात, तो कुणाच्या कमरेला लटकवायचा नसतो. लेखी ताकीद दिली, ती तिच्या नोंदीत राहील. नाव मात्र काढलं नाही. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. माझ्यामुळे तिला उभं राहून ऐकावं लागलं, आणि मी बसले होते, वयामुळे मला खुर्ची दिली होती. खुर्ची एवढी टोचते हे मला माहीत नव्हतं.

बाहेर जिन्यावर तुझा लेक पुढे होता. मी कठड्याला धरून उतरत होते. तो थांबला, मागे आला, माझं कोपर धरलं. शेवटच्या पायरीवर आल्यावर त्यानं खिशातून तुझी चिठ्ठी काढून दिली आणि म्हणाला, 'आईनं दिलीय. तू तिथं खरं बोललीस तरच द्यायची, असं सांगितलं होतं.'

म्हणजे माझी पत्रं तू वाचत होतीस. सगळी. मेले, आणि मी इकडे पोस्टमनच्या पाया पडायची बाकी राहिले होते!

तुझी चिठ्ठी मी जिन्याखालीच वाचली. एवढीशी. 'ताई, तुझा राग मला पुष्कळ दिवस पुरेल. पण दाढ अजून ठणकतेय. इथला डॉक्टर काढायची म्हणतो, त्याचा हात मला जड वाटतो. नातीला विचार, मी केव्हा येऊ.'

मी हसले आणि तिथंच बसले. नातीनं विचारलं, काय लिहिलंय? मी कागद तिला दिला नाही. घडी करून पिशवीत ठेवला.

धाकटे, मी तिला विचारणार नाही. रागावू नकोस. तुझा निरोप तिला आणि तिचा तुला, हे काम आता माझ्याकडे नाही. दवाखान्यातलं माझं टेबलही आता नाही, तिथं ती मदतनीस बाई बसते. खाली नातीचा नंबर लिहिते, माझ्या हातून एवढंच. फोन तू कर, तुझ्या तोंडानं सांग. ती तुला भंडावून सोडेल, वय विचारेल, वजन विचारेल, पाच वेळा तेच विचारेल. कंटाळू नकोस. काळजाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ती तुझ्या दाढेला हात लावणार नाही, तेही आत्ताच सांगून ठेवते. शेवटी तुझ्याकडून परत वदवून घेईल. तेव्हा लाजू नकोस, मी त्यातून गेलेय.

येशील तेव्हा मी बाहेर खुर्चीवर असेन, इतर लोकांत. तुला हात धरायला हवा असेल तर धरीन, नको असेल तर नुसती बसेन.

आणि येताना तुझ्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून आण. पिशवी तिच्याच हातात दे. मी मागितली तरी मला धरायला देऊ नकोस.

तुझी ताई